बटणांचं मराठी

इस्लामपूरजवळच्या एका शाळेत मी मराठी शिकवतो. मागच्या वर्षी आमच्या गणिताच्या बाईंनी शाळेतल्या संगणकांवर चित्रं काढायचं एक मुक्त सॉफ्टवेअर बसवलं. ते फुकट तर होतंच, शिवाय त्यातले शब्दही आपल्याला बदलता येत होते. बाई म्हणाल्या, "सर, बटणांची नावं मराठीत तुम्हीच करा." मी आठवडाभर शब्दकोश घेऊन बसलो आणि एकाहून एक भारदस्त शब्द घडवले.

संगणकाच्या पहिल्याच तासाला बाई आणि मी दोघंही वर्गात होतो, तेव्हा सातवीतली एक मुलगी उठली. "सर, पूर्वस्थितिपुनर्स्थापन म्हंजी काय?"

चित्रात चूक झाली की या बटणानं आधीचं चित्र परत येतं, हे मी फळ्यावर समास सोडवून पाच मिनिटं समजावलं.

"म्हंजी 'मागं जा' व्हय?" ती म्हणाली.

वर्ग हसला. बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. मला जरा रागच आला, पण तिचं म्हणणं खोडता येईना.

"ये, तूच बदल," मी म्हणालो.

तिनं बदललं. मग बाकीच्यांनीही हात वर केले. तास संपेपर्यंत माझे बहुतेक शब्द गेले होते आणि मी मुलांच्या मागे उभा राहून ऱ्हस्वदीर्घ तपासत होतो. तेवढं काम त्यांनी माझ्याकडे ठेवलं होतं.