वरच्या काठावरचा भाऊ

पुलाखालच्या छोट्या खोलीत मावशींचं ऑफिस होतं. पाण्यात उभ्या केलेल्या पट्टीवर नदीची पातळी बघायची आणि साहेबांना कळवायची, एवढंच काम. नदी शेजारच्या देशातून यायची. तिथे वरच्या काठावर एक जण हेच काम करायचा. दोन देशांच्या करारानुसार तो रोज सकाळी मावशींना फोन करून त्याच्याकडची पातळी सांगायचा. इथल्यांना त्यावरून उद्याच्या पाण्याचा अंदाज यायचा.

मावशींची भाषा तो मोडकीतोडकी बोलायचा. आधी नुसता आकडा. मग "जेवलात का?" मग मावशींच्या सुनेचं बाळंतपण, त्याच्या बायकोचं दुखणं. बायको गेली त्या सकाळी आकडा सांगता सांगता त्याचा आवाज फुटेना. मावशी फोन कानाला लावून नुसत्या बसून राहिल्या. तेव्हापासून त्या त्याच्या ताई झाल्या.

पुढे उन्हाळे तापत गेले. डोंगरावरचा बर्फ भराभर वितळू लागला आणि नदीचा भरवसाच राहिला नाही. त्यात वरच्या देशाने धरण बांधायला घेतलं. दोन्ही सरकारांचं फाटलं, करार मोडला आणि फोन बंद झाला.

"भाऊ रुसला वाटतं तुझा," मावशींचे यजमान चेष्टेने म्हणाले. मावशी अर्ध्या ताटावरून उठल्या. मग त्यांनी पुन्हा ती चेष्टा केली नाही.

एका सकाळी अचानक फोन वाजला.

"ताई, आकडा सांगायला मनाई आहे. तो मी सांगत नाही. पण काठावरच्या लोकांना घेऊन उंचावर जा. आजच."

फोन कट.

बाहेर नदी शांत वाहत होती. मावशी धावत साहेबांकडे गेल्या.

"लेखी काही आलंय?" साहेबांनी विचारलं.

"नाही. पण तो उगाच घाबरवणारा माणूस नाही."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली उचलली. दोघांनी काठावरचं एकेक दार ठोठावलं. म्हातारा शिंपी मशीन सोडून हलेना, तेव्हा मावशींनी एका बाजूने मशीनच उचललं. दुसऱ्या दिवशी त्याच्या खिडकीपर्यंत पाणी चढलं. माणसं मात्र सगळी वाचली.

त्या फोनपायी वरच्या काठावरच्या भावाची नोकरी गेली. हे मावशींना फार उशिरा कळलं. दोन्ही देशांचं पुन्हा जुळून फोन सुरू झाला आणि पलीकडच्या नव्या माणसाने सांगितलं तेव्हा. मग बसही सुरू झाली आणि त्या भावाला भेटायला गेल्या. स्टँडवर एक ठेंगणा, पांढऱ्या केसांचा माणूस उभा होता.

"आवाजावरून मला तू चांगला धिप्पाड वाटायचास!"

"फोनवर उभा राहून बोलायचो ना, ताई."

दोघं हसली. मग मावशींचे डोळे भरून आले. "माझ्यामुळे तुझी नोकरी..."

"ते राहू दे. नातू कितवीत गेला?"

मावशींनी डोळे पुसले, त्याचा हात धरला आणि चालता चालता नातवाबद्दल सांगू लागल्या.