तिरपा दात बसवणारे मामा

देवाने नागपूरकरांना तोंडं दिली खरी, पण ती पुरी करायचं काम माझ्या बायकोच्या मामांवर सोडलं, असं माझं प्रामाणिक मत आहे. एकोणीसशे पासष्ट-सत्तरच्या सुमाराला महाल भागातल्या त्यांच्या दवाखान्याचा अरुंद जिना माणसं कण्हत चढत आणि हसत उतरत. दात दुखला की उपटायचा आणि पुढे कवळी लावायची, एवढंच तेव्हा लोकांना ठाऊक. मामांना दात उपटणं म्हणजे खुनाचा प्रकार वाटे. किडक्या दाताचं उरलेलं बूड ते असं कोरत, त्यावर अशी टोपी बसवत, की महिन्याभराने खुद्द मालकाला आपला दात कोणता नि मामांचा कोणता हे सांगता येत नसे. लग्नाच्या पंगतीत ते मुद्दाम समोरची जागा धरत. आपण केलेला दात जिलबी कशी तोडतो ते पाहायला. मी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा बाकीचे माझं गाव, नोकरी, गोत्र विचारत होते. मामा पोह्यांची बशी पुढे करून माझं चावणं न्याहाळत राहिले. शेवटी म्हणाले, "पोरगा चांगला आहे. फक्त उजवीकडून चावत नाही. रविवारी येऊन जा गा." आधी दाढेवर टोपी बसली, मग लग्न झालं.

एकदा ऐन लग्नसराईच्या तोंडावर किसनजी आले. ते एका बँडात क्लॅरिनेट वाजवत. बडकस चौकात सायकलवरून पडून त्यांचे समोरचे वरचे दोन दात गेले होते. क्लॅरिनेट वरच्या दातांना टेकवून धरावं लागतं. हलत्या कवळीवर ते टिकेना. तोंडावर रुमाल धरून किसनजी म्हणाले, "डाक्टरसाहेब, मले दुसरं काही येत नाही जी. वाजवणं गेलं तर मी कोण राहिलो?"

मामांनी त्यांचे उरलेले दात एकेक करून हलवून पाहिले. मग आजूबाजूचे दात घासून त्यांच्या आधाराने न हलणारे जोडदात, म्हणजे पक्का ब्रिज, करायचं ठरलं. मागच्या खोलीत मेणाचे दात कोरायला बसले की मामा जेवायलाही उठत नसत. रंग जुळवायला त्यांनी किसनजींना गच्चीवर उन्हात उभं केलं. तयार झालेले दात पाहून मी थक्क झालो. सरळ, देखणे, मोत्यासारखे. मामांनी ते नुसते टेकवून बसवले. किसनजींनी क्लॅरिनेट ओठांना लावलं आणि सूर निघाला तो फाटका. मामांनी दात किंचित घासले, पुन्हा बसवले. पुन्हा फाटका. गाल धरून बाकावर बसलेले पेशंटही माना हलवू लागले. किसनजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

मामांना सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी किसनजींच्या बायकोला बोलावून घेतलं. "बाई, यांचे आधीचे दात कसे होते?"

ती पदर सावरत लाजली. "डावा जरासा तिरपा होता जी. हसले का तोच पयले दिसे."

मामांनी कपाळावर हात मारला. "आन मी सरळ करून राहिलो! देवापेक्षा शहाणा झालो!"

तो देखणा ब्रिज त्यांनी टाकून दिला आणि पहिल्यापासून नवा केला. बाई शेजारी बसून सांगत होती, "अजून थोडा पुढं." या खेपेला किसनजींनी फुंकर घातली आणि असा सूर निघाला, की खाली रस्त्यावरचे सायकलरिक्षेवाले पाय टेकून वर पाहत राहिले. बाकावरचा गाल सुजलेला एक गृहस्थ चक्क रडू लागला. दाढेमुळे की आणखी कशामुळे, कोणी विचारलं नाही. किसनजींनी ती सगळी लग्नसराई वाजवली, आणि पुढच्याही कित्येक.

बऱ्याच वर्षांनी, म्हातारपणी मामा अंथरुणाला खिळले. दवाखाना बंद झाला. मामींनी पेज आणली तरी भिंतीकडे तोंड करून पडून राहत. एक दिवस किसनजी आले. "डाक्टरसाहेब, ब्रिज थोडा दुखून राहिला."

मामा उठून बसले. हात धुवायला पाणी मागितलं, दात पाहायचा छोटा आरसा मागितला. किसनजींना खिडकीच्या उजेडात बसवून बराच वेळ पाहिलं. "हिरडी सुजली आहे. मिठाच्या पाण्याने गुळण्या करा. मंगळवारी दाखवून जा." त्या दिवशी ते पोटभर जेवले.

दारापाशी मी किसनजींना विचारलं, "फार दुखतं का?"

"कुठं जी," ते हळूच म्हणाले, "दगडावानी पक्का आहे."

ते दर मंगळवारी येत राहिले. पुढे मामांचा हात इतका थरथरू लागला, की आरसा दातांवर वाजे. किसनजी मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून शांत बसत. असेच एकदा ते गेल्यावर मामांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"त्याले काहीच झालं नाही गा," ते कुजबुजले, "पण येवढ्या लांबून येते, तर पाहून घेतो. तेवढंच त्याले बरं वाटते."