उंबरपाड्याचं पान

रोशनीला माणसं ओळखता येत नाहीत, असं तिची आई भागीबाई कायम म्हणायची. कुणी दोन शब्द गोड बोललं की ही आपलं सगळं सांगून मोकळी! नाशिकच्या कॉलेजात ग्रंथालयात नोकरी करते, शिकली-सवरलेली आहे, पण उज्वलाताईंचं नाव निघालं की चेहरा असा खुलायचा, की बघणाऱ्याला वाटावं हिची सख्खी बहीणच.

आणि का खुलू नये? सुरगाण्याकडच्या उंबरपाड्याहून ती शिकायला आली, तेव्हा हॉस्टेलच्या पोरी तिच्या बोलण्याला फिदीफिदी हसायच्या. गंगापूर रोडवर एका मासिकाचं ऑफिस होतं. उज्वलाताई तिथल्या संपादक. त्यांनी हिची कविता छापली, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "लिहीत राहा गं." तेवढ्यावर ही पोरगी त्यांच्यासाठी जीव टाकायला लागली.

नोकरीवरून आली की रोशनी मराठी विकिपीडियावर लिहायला बसायची. फुकट, कुणी न सांगता. नाशिक म्हटलं की द्राक्षं आणि कांदा, डोंगरातल्या पाड्यांचा कुठं पत्ताच नाही, याचा तिला भारी राग. म्हणून उंबरपाड्याच्या बोहाड्याचं पान करायचंच, असं तिनं डोक्यात घेतलं होतं. बोहाडा म्हणजे गावदेवीपुढचा मुखवट्यांचा नाच. कुठलं सोंग कुठल्या घरानं नाचवायचं, हे वाडवडलांपासून ठरलेलं. बाप सोमा आणि गावातली जुनी माणसं यांच्यापाशी बसून तिनं सगळं उतरवून घेतलं. माणसं सहजासहजी बोलत नव्हती. बाहेरचे येतात, विचारतात, फोटो काढतात आणि तोंड दाखवायला पुन्हा येत नाहीत, हा त्यांचा अनुभव. रोशनीनं शब्द दिला, "दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ देणार नाही. आपल्या गावाच्या नावानंच येईल." त्या शब्दावर त्यांनी तोंड उघडलं.

अडचण एकच होती. विकिपीडियाला छापील संदर्भ लागतो. सोमानं सांगितलं म्हणून चालत नाही. ते कुठंतरी छापून यावं लागतं.

मग हिनंच टूम काढली. मासिकाच्या लोकांना विकिपीडियावर लिहायला शिकवायचं! त्यांच्याकडं जुने अंक आहेत, लिहिता हात आहे, नाशिकची कितीतरी पानं उभी राहतील. उज्वलाताई लगेच हो म्हणाल्या. शनिवारी ऑफिसात कार्यशाळा ठरली. रोशनीनं एक्स्टेन्शन बोर्ड नेला, घरून डबाभर पोहेसुद्धा नेले. जसं काही हिच्याच घरचं कार्य! प्रुफं तपासणारे नवनाथकाका सारखे पासवर्ड विसरत होते आणि सगळे त्यांची टिंगल करत होते. सरावाला मजकूर हवा, म्हणून रोशनीनं आपला बोहाड्याचा लेख सगळ्यांच्या मोबाइलवर धाडला. अगं बाई, सरावाला पोळीभाजीची कृती चालली नसती का?

पूजा नावाची उपसंपादक म्हणाली, "मॅडम, पण याला संदर्भ कुठाय?"

रोशनी ओशाळली. तेवढ्यात उज्वलाताई म्हणाल्या, "संदर्भाचं माझ्यावर सोड. दिवाळी अंकात छापते हा लेख. मग लाव की खुशाल!"

रोशनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं तिथूनच बापाला फोन लावला आणि सांगितलं, आता आपलं गाव छापून येणार.

दिवाळीच्या आधी ताईंचा फोन आला, "छापून आलं गं. वेबसाइटवरही टाकलंय." अंक हातात पडेपर्यंत थांबायचा हिला कुठला धीर! त्याच संध्याकाळी तिनं पान चढवलं. सकाळी बघते तर पान गायब. त्या जागी सूचना होती, की हा मजकूर एका मासिकातून जसाच्या तसा उचललेला आहे. इतरांचं लेखन परवानगीशिवाय वापरू नये. ही सूचना ती स्वतः कितीतरी नवख्यांना देत आली होती.

काहीतरी घोळ झालाय, असं म्हणत तिनं मासिकाचं पान उघडलं. लेख तिचाच, शब्द न् शब्द. वर नाव उज्वलाताईंचं. 'सोमा यांनी सांगितल्यानुसार' होतं तिथं 'एका वृद्धाने सांगितल्यानुसार' केलेलं. खाली बारीक अक्षरांत ओळ होती : आभार, स्थानिक आदिवासी बांधव.

चोरी तिच्या घरात झाली आणि चोर म्हणून नाव तिचंच लागलं!

ती तडक गंगापूर रोडला गेली. उज्वलाताईंनी हसून खुर्ची पुढं केली, चहा सांगितला.

"ताई, लेख माझा होता."

"अगं, आपल्यात कसलं तुझं-माझं? तुझ्या नावानं कोण वाचणार होतं? माझ्या नावामुळं विषय पोचला, हे बघ ना. आणि परवानगी हवी असेल तर आत्ता मेल करते. 'मूळ लेखिका या नात्याने मी रोशनीला हा मजकूर वापरू देत आहे.' झालं?"

बाईच्या तोंडावर हे बोलताना रेषही हलली नाही. पलीकडं पूजा मान खाली घालून टाइप करत होती. रोशनीच्या मनात आलं, चहाचा कप द्यावा भिरकावून. पण आयुष्यात जिनं पहिल्यांदा 'लिही' म्हटलं, तिलाच चोर कसं म्हणायचं? "परवानगी नको," एवढं बोलून ती उठली.

आता उरला एकच मार्ग. विकिपीडियावरची पानं तपासणाऱ्या प्रचालकानं सभ्यपणे सांगितला होता : सगळं स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहा आणि त्या लेखाचा संदर्भ द्या. स्वतःच्या शब्दांत! तिचेच शब्द आता दुसरीचे झाले होते. जे वाक्य मनासारखं जमलं होतं, ते टाळून ती मुद्दाम कमी बरं वाक्य शोधत बसली, आणि रडत रडत लिहीत गेली. पान सोडून दिलं असतं, तर गावाला तोंड काय दाखवायचं? शेवटी संदर्भाची जागा आली. उंबरपाड्याच्या बोहाड्यावर छापलेलं जगात एकच होतं. तिनं उज्वलाताईंचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं. पान राहिलं.

उन्हाळ्यात बोहाड्याला ती गावी गेली. मांडवात सगळे जमले आणि गोटीराम पोलीस पाटलानं मोबाइलवरून मोठ्यानं वाचायला घेतलं. घरांची नावं, सोंगांची नावं आली तसतशी माणसं माना डोलवायला लागली. सोमा तर उठूनच उभा राहिला. गोटीराम थांबला नाही, तळापर्यंत वाचत गेला आणि तिथलं नाव वाचलं.

"ही कोन बाय?" सोमानं विचारलं. "आपल्या पाड्यात कदी आली?"

"नाय आली, बाबा," रोशनी म्हणाली.

"मंग तिला कसं ठावं?"

मांडवात सगळे तिच्याकडंच बघत होते.

"मीच दिलं," ती म्हणाली.

सोमा खाली बसला. त्यानंतर तिच्याशी कुणी काही बोललं नाही.