वारा समोरून येतो असं धरलं तर

“उद्यापासून लॅपटॉप बंद,” हेलन म्हणाली. “आणि विलास, तुझी कड सुट्टीनंतर मी गाडीवरून उतरवतेय. जुनीच बसवू.”

हेलन माझी बॉस. इंग्लंडमधल्या एका रेसिंग टीमच्या एअरोडायनॅमिक्स विभागाची प्रमुख. मी त्याच विभागात आहे. गाडीच्या वरून, खालून, बाजूने हवा कशी जाते ते बघायचं आणि तिला आपल्याला हवं तसं वळवायचं, हे आमचं काम. गावाकडे कोणी विचारलं की मी ‘हवेचं काम करतो’ म्हणून सांगतो. त्यावर लोक पुढचं विचारत नाहीत.

तेव्हा नियम नुकतेच बदलले होते. आधीच्या गाड्या प्रामुख्याने वरच्या पंखांच्या जोरावर रस्त्याला चिकटायच्या, आणि मागे हवेचा इतका गोंधळ सोडायच्या की मागच्या गाडीला जवळ येता यायचं नाही. नव्या नियमांनी गाडीच्या पोटाखाली दोन बोगदे दिले. हवा त्यांतून जोरात निघते आणि गाडीला खाली ओढून धरते. ही ओढ टिकवायची तर बाजूची हवा आत घुसता कामा नये. ते राखणीचं काम गाडीच्या तळाची कड करते. तळहाताएवढ्या रुंदीची, कार्बन फायबरची पट्टी. तिच्या एका वळणापायी माझं अख्खं वर्ष गेलं होतं.

विंड टनेलमध्ये माझी कड उत्तम चालली. विंड टनेल म्हणजे एक मोठा बंद बोगदा. गाडीचं छोटं मॉडेल जागच्या जागी उभं करतात आणि समोरून पंख्याने हवा सोडतात. आकडे बघून सगळे खूश होते. ट्रॅकवर मात्र ड्रायव्हर म्हणायला लागला, “हळू वळणावर गाडीची मागची बाजू मधेच हात सोडते, घसरते. आधी काही कळत नाही.” पुढच्याच फेरीत, त्याच वळणावर, सगळं ठीक. आम्ही टायर तपासले, सस्पेन्शन तपासलं, कड उतरवून मोजली. काही सापडलं नाही. ज्या गाडीवर विश्वास नाही ती ड्रायव्हर जोरात चालवत नाही. त्यामुळे कड जाणार हे मला हेलनच्या आधीच कळलं होतं.

ऑगस्टमध्ये सगळ्या टीमना सक्तीची सुट्टी असते. फॅक्टरीला कुलूप. कामाची मेल पाठवली तरी नियमभंग. खर्च आटोक्यात राहावा आणि माणसांनी घरच्यांची तोंडं बघावीत म्हणून केलेला नियम आहे. नियम चांगलाच आहे, पण डोक्याला कुलूप लावायची सोय त्यात नाही. मी तसाच, डोकं चालू ठेवून, बीबीला, आमच्या गावी, घरी आलो.

घरी थोरला भाऊ गजानन आणि मंदावहिनी. मी पहाटेच उठून अंगणात फेऱ्या मारायचो. मोबाइल काढायचा, बघायचा, खिशात टाकायचा. जेवताना ताटात बोटाने त्या कडेचं वळण काढायचो. दोन दिवस वहिनींनी सहन केलं.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “तुमी हवेचंच काम करता ना?”

“हो.”

“मंग इतल्या हवेचं पाहा. यायचं मांगच्या साली काय झालं ते तुमाले फोनवर पुरतं सांगतलंच नाई.”

खरंच सांगितलं नव्हतं. ‘जरा तब्येत बिघडली होती’ एवढंच कळलं होतं. भाऊ पाठीवरच्या पंपाने कपाशी फवारत होता. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, येऊन बसला, उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. वहिनींनी त्याला जीपमध्ये घालून चिखलीच्या दवाखान्यात नेलं. तो वाचला. डॉक्टरांनी सांगितलं की पुन्हा असं औषध अंगावर घेतलंत तर मी खात्री देणार नाही.

बीटी कपाशी म्हणजे बोंडअळीला स्वतःच पुरून उरणारं वाण, असं सांगून हे बियाणं गावात आलं. सुरुवातीची वर्षं तसं झालंही. मग गुलाबी अळी त्याला सरावली. मावा-तुडतुडे तर बीटीला कधी जुमानतच नव्हते. फवारणी सुटली नाही, उलट औषधं जास्त कडक झाली. आणि गावात दोन-तीन माणसं अशी आडवी झाल्यावर फवारायला मजूर मिळेना.

म्हणून भावाने या वर्षी छोट्या ट्रॅक्टरच्या मागे बसणारा ब्लोअर आणला होता. मागे टाकी आणि मोठा पंखा. औषधाचा धुरळा पंख्याने दोन्ही बाजूंना उडतो आणि चालवणारा पुढे, म्हणजे सुरक्षित. निदान विकणाऱ्याने तसं सांगितलं होतं. पहिल्याच फवारणीत भावाचा सदरा पाठीपासून गळ्यापर्यंत ओला झाला.

“उद्या दुसरी फवारनी हाये,” वहिनी म्हणाल्या. “मी यायले पुन्ना जीपमंदी टाकून नेनार नाई. माह्यात तेवढं बळ नाई आता.”

भाऊ खाटेवर बसून सुपारी कातरत होता. त्याने वर पाहिलं नाही. “दस्ती बांधतो म्हनलं ना तोंडाले,” तो म्हणाला.

मला राग आला. मोजून तीन माणसांचं घर, आणि ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. मी म्हणालो, “औषध आज नाही. टाकीत साधं पाणी भर आणि थोडी नीळ टाक. मला बघू दे.”

विंड टनेलमध्ये हवा दिसावी म्हणून आम्ही मॉडेलवर दोरे चिकटवतो. दोरा ज्या बाजूला झुकतो तिकडे हवा चालली आहे असं समजायचं. वहिनींच्या डब्यात लाल लोकर होती. तिचे तुकडे मी ट्रॅक्टरला बांधले. बॉनेटवर, स्टिअरिंगच्या बाजूला, सीटमागच्या गजांवर, ब्लोअरच्या कडेला. एक भावाच्या टोपीला.

“काऊन बे इलास,” भाऊ म्हणाला, “पोळ्याले टाइम हाये अजून.”

पांढरा सदरा घालून तो निघाला. शेत लांबट, पूर्व-पश्चिम. तो नेहमीप्रमाणे लांबीने चालला. जाऊन परत आला तेव्हा पाठ निळी झाली होती.

मी लगेच कामाला लागलो. माझ्या डोक्यात एकच चित्र होतं. नव्या नियमांत गाडीच्या मागची घाण हवा वर फेकायची असते, म्हणजे ती मागच्याच्या डोक्यावरून जाते. इथेही तेच करू. जुन्या कोठीचा पत्रा होता. तो वाकवून सीट आणि ब्लोअरच्या मध्ये उभा बसवला, वरच्या टोकाला मागे वळण दिलं. तारांनी आवळला. दिसायला अगदी रेसिंग गाडीच्या मागच्या पंखासारखा. मी स्वतःवर बराच खूश होतो.

भाऊ पश्चिमेकडे गेला. कोरडा. मी वहिनींकडे बघून हसलो. तो वळून पूर्वेकडे आला आणि टोपीसकट निळा झाला.

त्यात रशीदचाचा धुरा ओलांडून आले. पूर्वेच्या अंगाला त्यांची भेंडी आहे, आणि तिथे तण निंदायला बाया बसल्या होत्या. चाचांनी आपल्या कुर्त्याची बाही दाखवली. तिच्यावर निळे शिंतोडे होते.

“आज पानी हाये म्हनून ठीक,” ते म्हणाले. “उद्या दवा असन तं माही भेंडी कोन खाईन, इलास? आन् ह्या बाया?”

मी पत्रा लावून धुरळा उंच केला होता, आणि उंच गेल्यामुळे तो लांबवर गेला होता. पत्र्याच्या तारा सोडायला घेतल्या. भावाने इंजिन बंद केलं.

आणि तेव्हा मला दोरे दिसले.

ट्रॅक्टर थांबला होता, पंखा थांबला होता. दोरे लोंबायला हवे होते. ते लोंबत नव्हते. सगळेच्या सगळे बॉनेटच्या दिशेने ताठ उडत होते. ट्रॅक्टरचं तोंड पूर्वेला होतं आणि वारा पश्चिमेचा, मागून.

कोणालाही दिसेल अशी गोष्ट होती. पण माझी सवय अशी की गाडी चालते, हवा स्थिर असते, म्हणजे वारा समोरूनच येणार. रेसिंग गाडी सरळ रस्त्यावर इतकी वेगात असते की त्या दिवशीच्या वाऱ्याला तिच्यापुढे किंमत नसते. ट्रॅक्टर चालतो माणसाच्या चालीने. तिथे वाराच मालक. भाऊ पूर्वेला निघाला की त्याचं औषध वाराच त्याच्या पाठीवर आणून टाकत होता.

दुसरी गोष्ट मला त्याच क्षणी सुचली, आणि तारा हातातच राहिल्या. आमची गाडी हात सोडत होती ती हळू वळणांवरच. तिथे ती सरळ रस्त्याच्या वेगात नसते. तिथे बाजूच्या वाऱ्याची झुळूक कडेखालून आत घुसू शकते. एका फेरीत येते, पुढच्या फेरीत नाही. टनेल किती वेळ वापरायचं यावर नियमांची मर्यादा आहे, म्हणून बाजूच्या वाऱ्याच्या चाचण्या आम्ही सगळ्यांनी मिळून शेवटाला ढकलल्या होत्या. समोरच्या वाऱ्याच्या चाचण्या सोयीच्या, आकडे लवकर देणाऱ्या.

हात खिशाकडे गेला. मोबाइल काढला. हेलनचं नाव समोर आलं. मेल पाठवली तर टीमवर कारवाई. मी तो खिशात ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला.

“काय झालं बे?” भाऊ म्हणाला. “चेहरा काऊन असा?”

“काही नाही,” मी म्हणालो. “भाऊ, कपाशी चौफुली आहे ना?”

“हाव. चौफुलीच टोबली.”

चौफुली म्हणजे दोन्हीकडून सारखं अंतर धरून, चौकटीच्या टोकांवर एकेक बी टोबायचं. आमच्याकडे तसं करतात ते बैलांचा डवरा उभाही चालावा आणि आडवाही, म्हणून. ओळींमधलं तण दोन्ही बाजूंनी निघतं. म्हणजे ट्रॅक्टरही आडवा चालू शकत होता. फवारताना लांबीनेच जायचं हा नियम कोणी केला नव्हता. लांबीने वळणं कमी पडतात, एवढंच.

मी त्याला सांगितलं. उत्तर-दक्षिण चालायचं, म्हणजे वारा नेहमी बाजूने राहील. सुरुवात पूर्वेच्या अंगाने करायची आणि प्रत्येक फेरीला पश्चिमेकडे सरकायचं. धुरळा मागच्या, फवारलेल्या कपाशीवर जाईल आणि आपण कायम कोऱ्या हवेत. पत्रा नको. चाचांच्या धुऱ्यालगतचा पट्टा आत्ता सोडायचा, वारा पडेल तेव्हा त्यांना सांगून करायचा.

“फेरे किती वाढतीन,” भाऊ म्हणाला. “डिझेल जाईन. वळनावर झाडं मोडतीन ते येगळंच.”

“मोडू द्या,” वहिनी म्हणाल्या.

“तुले काय होते म्हनाले...”

“मले काय होते ते मले माहीत हाये. जीप मी बोलावली व्हती.”

भावाने आपणहून ट्रॅक्टर आडवा लावला. निळ्या पाण्याची एक फेरी केली, दुसरी केली. सदरा बदलून आला होता, तो पांढराच राहिला.

दुसऱ्या दिवशी खरं औषध होतं. मी आणलेला मास्क आणि चष्मा त्याने कुरकुरत घातला. मी धुऱ्यावर उभा होतो आणि माझं कशात लक्ष लागत नव्हतं. प्रत्येक वळणाला मी दोऱ्यांकडे बघत होतो. वारा फिरला तर? निळ्या पाण्यात चूक झाली तर धुता येते. वहिनी माझ्याशेजारी पदर दाताखाली धरून उभ्या होत्या. एकदा वारा खरंच दक्षिणेकडून आला. मी हात केला, भाऊ थांबला, ब्लोअर बंद केला. वारा पुन्हा पश्चिमेचा होईपर्यंत तो तसाच बसून राहिला. त्याला असं थांबलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

शेवटची फेरी झाली. भाऊ खाली उतरला. वहिनी त्याच्याजवळ गेल्या, त्याच्या पाठीवर सदऱ्याला नाक लावलं, मग गळ्याजवळ, मग बाहीला. भर शेतात, चाचांच्या देखत.

“वास नाई,” त्या म्हणाल्या आणि मटकन धुऱ्यावर बसून रडायला लागल्या.

भाऊ म्हणाला, “आता कायले रडतं? आता तं काई झालं नाई.” त्याचाही आवाज नीट नव्हता. माझं काय झालं होतं ते मी सांगत नाही.

फॅक्टरी उघडली त्या सकाळी मी हेलनच्या टेबलापाशी सर्वांत आधी हजर होतो. ट्रॅकवरच्या वाऱ्याच्या नोंदी आणि ड्रायव्हरच्या तक्रारी शेजारी शेजारी ठेवल्या. जिथे गाडीने हात सोडला होता तिथे जवळपास प्रत्येक वेळी वारा बाजूने होता.

हेलनने बराच वेळ बघितलं. “हे तुला कधी सुचलं?”

सुट्टीत काम करायला बंदी आहे. “आज सकाळी,” मी म्हणालो.

“असं का? तुझ्या नाकाचं सालडं निघालंय. आज सकाळी ऊन फार होतं वाटतं.”

“हो.”

“बरं. तसंच लिही.”

बाजूच्या वाऱ्याच्या चाचण्या झाल्या. कारण बरोबर निघालं. कड मात्र वाचली नाही. तिचं वळण इतकं नाजूक होतं की वारा जरा तिरपा झाला तरी ते बिघडायचं. त्याऐवजी एक साधी, बोजड कड बसवली. टनेलमध्ये ती माझ्या कडेपेक्षा कमी ओढ देते. ड्रायव्हरला तीच आवडली, कारण ती सगळ्या वाऱ्यांत सारखी वागते. आता आमच्याकडे कुठलाही नवा भाग आला की बाजूच्या वाऱ्याची चाचणी आधी होते. ती सोयीची नाही म्हणून लोक अजून कुरकुरतात.

माझी कड कपाटात पडली आहे. भावाच्या ट्रॅक्टरवर बॉनेटवरचा लाल दोरा अजून आहे. फवारायच्या दिवशी भाऊ आधी इंजिन बंद ठेवून दोऱ्याकडे बघतो. दोरा विटला की वहिनी नवा बांधतात.