उलट धरलेलं पत्र

मी एकदा एका माणसाची इतकी हुबेहूब नक्कल केली की त्याची नोकरी गेली. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्या हुशारीचं कौतुक करायला नको.

हे आठवायचं कारण नात. परवा तिनं मला एक जपानी कार्टून मालिका दाखवली. एका ऑफिसातली माणसं, गोष्ट म्हणाल तर काहीच नाही. एक सारखी डुलक्या घेते, एक पेन्सिलींना टोक काढत बसतो, साहेब स्वतःच्याच विनोदावर हसतो.

"आजी, कशी वाटली?"

"माणसं झकास पकडलीत," मी म्हटलं. पाठमोरी चालली तरी ओळखू येतात, आणि हे सोपं काम नाही. एकमेकांवर चिडतातही अगदी खरी. "पण इतके भाग झाले, एकजण संध्याकाळी घरी गेलेला दिसला नाही. सवय दाखवायची, हसवायचं. ती सवय लागली कशानं, हे विचारायचंच नाही?"

"अगं, कॉमेडी आहे ती!"

तेव्हा मीही हेच म्हणत होते.

ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत मी कारकून होते. वय तिशीचं, आणि आपल्यासारखी विनोदी लेखिका खानदेशात दुसरी नाही ही समजूत. ती मोडायला एखादा वाचक लागतो, तोही नव्हता. कचेरीत दरवर्षी सत्यनारायण असे आणि प्रसादानंतर करमणूक. त्या वर्षी मी कचेरीवरच प्रहसन लिहिलं.

आवक-जावकच्या टेबलावर नाना बसत. मूळचे भडगावचे, पांढरी टोपी, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. दारातून टेबलापर्यंत कपाटांवर हात फिरवत मोजून पावलं टाकायचे. आलेलं पत्र खिडकीपाशी नेऊन नाकाला लावायचे, मग शिपायाला हाक, "वाच रे मोठ्यानं, चष्मा घरी राहिला." चष्मा रोज घरी राहायचा. एकदा तर पत्र उलट धरून ते बराच वेळ मान डोलवत होते. मी पदराआड हसून घेतलं आणि वहीत टिपलं.

त्या दिवसांत त्यांच्या तोंडी एकच विषय असे. "ताई, धाकटीचं दोंडाईच्याला जमत आलं शे. सुपारी फुटली की तारीख. बठ्ठ्यांनी, साऱ्या कचेरीनं यायचं, बरं का!"

प्रहसनात नाना मीच झाले. त्यांचा घोगरा आवाज माझ्या चिरक्या गळ्यातून निघेना, म्हणून ते पात्र मुकंच ठेवलं. डोक्यावर टोपी, कपाटांवरून हात, अकरा पावलं, नाकाला पत्र. शेवटी ते उलट धरून मान डोलवली, तेव्हा लोक सतरंजीवर लोळायचे बाकी राहिले. पुढच्या खुर्चीत साहेब होते. त्यांचं हसू एकाएकी थांबलं आणि ते माझ्या हातातल्या पत्राकडे बघत राहिले. मी समजले, साहेब कलेत रंगले! नाना मागे कुठंतरी बसले होते. साहेबांचं तोंड न्याहाळण्यात मला त्यांच्याकडे बघायची शुद्ध कुठली?

सोमवारी साहेबांनी नानांना आत बोलावलं. दार उघडंच होतं. त्यांनी एक पत्र पुढं केलं.

"नाना, हे वाचा."

"साहेब, चष्मा घरी राहिला."

"राहू द्या. पत्र सुलट आहे की उलट, तेवढंच सांगा."

नाना पत्रावरून बोटं फिरवत राहिले.

सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. डोळे जवळजवळ गेलेले, दुखणं जुनं, घराण्यातलं. इतकी वर्षं त्यांनी ते पाठ केलेल्या पावलांवर आणि शिपायाच्या आवाजावर निभावून नेलं होतं. मुलगी एकदा उजवली की सांगू, असा त्यांचा हिशेब. कामास अयोग्य असा शेरा पडला. कचेरीतली गोष्ट दोंडाईच्याला पोचायला आठवडा पुरला. "रक्तातला रोग आमच्या घरात नको," एवढाच निरोप आला.

महिन्याभरानं मी भडगावला गेले. एसटीत माफीची वाक्यं पाठ केली होती. त्यातही एक टाळीचं वाक्य होतं, इतकी मी निगरगट्ट. नाना ओट्यावर बसले होते. मी हाक मारली तसे आवाजावरून ओळखून उठायला लागले. मुलीनं चहा आणला, कप त्यांच्या हातात दिला, कपाच्या कानाभोवती त्यांची बोटं मिटवली. माझा कप जमिनीवर ठेवून ती आत गेली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

"नाना, ते सत्यनारायणाच्या दिवसाचं..." मी सुरुवात केली.

नानांचा चेहरा खुलला. म्हणाले, "बरी आठवण काढली, ताई. बठ्ठे हसत होते म्हणून मीबी हसलो. मला काही दिसत नव्हतं. ती नक्कल कोणाची होती?"