आवक एक, जावक दोन

दिग्रसच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तो तांड्यावरून सायकलने यायचा. माझे वडील तहसील कार्यालयात आवक-जावक कारकून होते. आलेल्या-गेलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारणे हे त्यांचे काम. पुढे तो नट झाला, मी वार्ताहर. गेली अकरा वर्षे तो गावी आला की मी रेकॉर्डर घेऊन जातो आणि आम्ही त्याच्या एकेका भूमिकेवर बोलतो. त्यातून पुस्तक व्हायचे आहे.

एकच प्रकरण राहिले होते. ज्या भूमिकेने त्याला देशभर नाव मिळाले, ती. अर्धांगवायू झालेला म्हातारा चित्रपटभर खाटेवर आहे आणि डाव्या मुठीने खाटेच्या कडेवर ठोके मारतो. 'हा असहाय माणसाचा राग आहे,' असे मी परीक्षणात लिहिले होते. ते वाक्य पुढे अनेकांनी उचलले.

यंदा कापूस वेचणीच्या दिवसांत, त्याच्या शेतातल्या घरी, मी विचारले की ती मूठ कुठून आली.

"आता विचारून राह्यला तू?" तो म्हणाला. "तुह्या बाबाची आहे."

माझे वडीलही शेवटची दोन वर्षे अर्धांगवायूने खाटेवर होते. मी नागपूरहून महिन्यातून एकदा येत असे. तो तेव्हा बिनकामाचा तांड्यावरच होता आणि रोज आमच्याकडे येई. चित्रपट मी तीनदा पाहिला होता. अशी मूठ घरी कधीच पाहिली नव्हती. तसे मी त्याला सांगितले.

"कशी दिसन? तू आला का ते हात चादरीखाली घेत. मले म्हणत, नाटक्या, त्याले सांगू नको, डोकंबी गेलं समजन. अन् राग नव्हता बे तो. शिक्का होता. मी आलो का एक ठोका, आवक. निघालो का दोन, जावक. हसत मारायचे."

रेकॉर्डिंगमध्ये यापुढेही त्याचाच आवाज आहे. "मी त्याहिले शब्द देल्ला होता. काकू हो म्हणन तरच छाप. पण हे सोडून पुस्तक काढशीन तर मी खोटा."

मी तसाच दिग्रसला घरी गेलो. आई तुरीच्या शेंगा सोलत होती. हा चित्रपट लागला की ती टीव्ही बंद करायची. तिला आजारपण पाहवत नाही, असा माझा समज होता.

"तू घरी असला तरच बंद करत होती," ती म्हणाली. "एरवी पाहते मी."

मुठीचे तिला सगळे माहीत होते. "तुझेही मारायचे ते. तू फाटकाबाहेर गेला की दोन."

"आणि आलो तेव्हाचा?"

"तो राहूनच जायचा. हात चादरीत असे ना."

तिने आणखी काही शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "छाप. पण राग म्हणून लिहिलं तू, ते आधी दुरुस्त कर."

प्रकरणाच्या आरंभी दुरुस्ती दिली आहे: पूर्वी परीक्षणात ज्याला राग म्हटले होते, तो आवक-जावकचा शिक्का होता. चूक परीक्षण लिहिणाऱ्याची.