तांबडं म्हणजे निवत आलेलं

दगडूमामा गेल्याला महिना झाला. त्यांच्या मुलाचा, बालाजीचा फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होतो. ‘‘गुरुजी, दादा गेले,’’ एवढंच तो बोलला. खोटं कशाला बोलू, पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता... आता ते सांगायचं राहूनच गेलं, हा होता.

भूमजवळच्या आमच्या गावात मामांची लोहारकामाची भट्टी. बारा वर्षांपूर्वी, माघातल्या एका संध्याकाळी मी कुदळ पाजळायला गेलो होतो. आभाळात रोहिणी आणि व्याध नुकते दिसू लागले होते. मास्तरकीची खोड, कुणी विचारलं नसताना मी सांगून टाकलं, की रोहिणी तांबडी दिसते म्हणजे तीच सगळ्यात तापलेली. मामांनी सांडशीनं भट्टीतलं लोखंड काढून माझ्यापुढं धरलं. ते पांढुरकं होतं, बघता बघता पिवळं झालं, मग तांबडं.

‘‘गुरुजी, तांबडं म्हंजे निवत आलेलं. लई तापलं की पांढरं पडतंय, त्या व्याधावानी. आपला सूर्य ह्या दोघांच्या मधी असंल.’’

मला राग आला. चार गिऱ्हाइकांदेखत म्हणालो, ‘‘मामा, आभाळ म्हणजे तुमची भट्टी नाही!’’ सगळे हसले. मामाही हसले.

घरी येऊन पुस्तक उघडलं. रोहिणी सूर्याहून कितीतरी मोठी, पण त्याच्याहून थंड. व्याध दोघांहून तप्त. मामांचं सगळं खरं होतं. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत बारा वर्षं गेली. रस्त्यात भेटले की ‘‘बरं आहे ना मामा?’’ एवढंच विचारायचो. मुलांना मात्र दरवर्षी बरोबर शिकवत होतो, मामांचं नाव न घेता. चोरीच ती. हल्ली रोहिणी दिसली की मान खाली जाते. कुणीतरी तापलं लोखंड तोंडापुढं धरल्यासारखी गालाला धग लागते...

तेराव्यानंतर भट्टीवर गेलो. दाराशी एक सपाट दगड आहे.

‘‘बसा गुरुजी,’’ बालाजी म्हणाला. ‘‘दादा हितं कुणाला बसू द्यायचे न्हाईत. म्हणायचे, गुरुजी येत्याल एकदा, काय तरी सांगायला.’’

‘‘काय सांगायला?’’

‘‘ते कधी बोलले न्हाईत.’’

बालाजी चहा आणायला गेला. विझलेल्या भट्टीकडं बघत मी मोठ्यानं म्हणालो, ‘‘मामा, तुमचं खरं होतं.’’

मामांनी बारा वर्षं वाट पाहिली. मला त्या दगडावर चहा येईपर्यंतही बसवेना.